आयर्लंडच्या कन्या आणि उसनी फूटपट्टी

१५ सप्टेंबर २०१९ चा रविवार. डब्लिन शहरातील क्रोक पार्क या भव्य मैदानावर महिलांच्या गेलिक फुटबॉलचे अखिल आयर्लंड अंतिम सामने होते. हवा पावसाळी आणि मैदान निसरडे असूनही त्या दिवशी ५६,११४ प्रेक्षकांनी हजेरी लावली. ज्या देशाची लोकसंख्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी, त्या देशात केवळ महिलांचे सामने पाहण्यासाठी एवढा जनसमुदाय लोटावा, ही घटना सामान्य नव्हे. मुख्य सामन्यात डब्लिन काउंटीने गॉलवेचा पराभव करून सलग तिसरे विजेतेपद मिळविले. तथापि, त्या मैदानावर उतरलेल्या एकाही खेळाडूला त्या सामन्याबद्दल एक युरोही मानधन मिळाले नाही. या खेळांत कोणालाच ते मिळत नाही, पुरुषांनाही नाही. अंतिम सामना रविवारी खेळायचा आणि त्याच आठवड्यात रुग्णालयातील पाळीवर, शाळेतील वर्गावर किंवा महाविद्यालयाच्या परीक्षेला हजर व्हायचे, हा तेथील शिरस्ता आहे.

या खेळाडूंच्या शरीराविषयी, श्रमाविषयी आणि दुखापतींविषयी गेल्या काही वर्षांत आयर्लंडमधील विद्यापीठांतून गंभीर संशोधन सुरू झाले आहे. खेळ आपल्या परिचयाचे नाहीत; परंतु त्यांतून पुढे आलेले प्रश्न मात्र कोणत्याही खेळाडू मुलीच्या आईवडिलांना ओळखीचे वाटतील.

प्रथम खेळांची थोडी ओळख करून घेऊ. १८८४ मध्ये थर्ल्स या गावातील हेज हॉटेलात गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची, म्हणजेच जीएएची, स्थापना झाली. आयर्लंड तेव्हा ब्रिटिश सत्तेखाली होते, आणि आपले देशी खेळ जपणे हा राष्ट्रीय अस्मितेचाच एक भाग मानला जात होता. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे त्यांतील दोन प्रमुख खेळ. फुटबॉलमध्ये चेंडू हातांनी झेलता येतो, पायाने मारता येतो, मुठीने पुढे सरकवता येतो. हर्लिंग हा ॲश वृक्षाच्या लाकडापासून केलेल्या काठीने खेळायचा खेळ. तिला हर्ली म्हणतात. या काठीने छोटा कठीण चेंडू हवेतच टोलवला जातो. महिलांच्या हर्लिंगला कमोगी हे नाव आहे. दोन्ही खेळांत प्रत्येक बाजूस पंधरा खेळाडू असतात आणि मैदान सुमारे १३० ते १४५ मीटर लांब, म्हणजे आपल्या परिचित फुटबॉल मैदानाहून बरेच मोठे असते.

कमोगीची संघटना १९०४ मध्ये स्थापन झाली. स्त्रियांना झेपावे म्हणून मैदान लहान ठेवले गेले आणि संघात खेळाडू बाराच असत. स्त्रियांना काय झेपते, हे मात्र कोणी मोजून पाहिले नव्हते. पंधरा खेळाडूंचा पूर्ण आकाराचा खेळ कमोगीत यायला १९९९ साल उजाडावे लागले. महिलांच्या गेलिक फुटबॉलची संघटना तर १९७४ ची, तीही त्याच थर्ल्समधील त्याच हॉटेलात जन्मली. वरिष्ठ काउंटी संघांच्या सामन्यात पुरुष सत्तर मिनिटे खेळतात, महिला साठ मिनिटे. महिलांचा चेंडू किंचित लहान असतो, आणि त्यांना तो जमिनीवरून थेट हाताने उचलण्याची मुभा असते. खांद्याला खांदा भिडवून प्रतिस्पर्ध्याला हटविणे पुरुषांच्या फुटबॉलमध्ये नियमास धरून आहे, महिलांच्या फुटबॉलमध्ये नाही.

हे नियमभेद क्षुल्लक वाटतात, पण संशोधकाच्या दृष्टीने ते मूलभूत आहेत. नियम बदलला की धावण्याची रीत बदलते, वळण्याची रीत बदलते, आणि शरीरावर येणारा ताणही बदलतो. पुरुषांच्या सामन्यांवरून काढलेले निष्कर्ष महिलांच्या खेळाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. असे असूनही प्रशिक्षकांच्या हाती दीर्घकाळ तेच निष्कर्ष होते, कारण दुसरे उपलब्धच नव्हते.

ही उणीव केवळ आयर्लंडची नाही. २०१४ ते २०२० या काळात क्रीडाविज्ञानातील सहा प्रमुख नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले ५,२६१ शोधनिबंध काही संशोधकांनी तपासले. त्यांची मोजदाद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. केवळ स्त्रियांवर झालेले संशोधन त्यांत अवघे ६ टक्के होते. केवळ पुरुषांवरचे ३१ टक्के. एकूण सहभागी व्यक्तींमध्ये स्त्रियांचा वाटा ३४ टक्के भरला. स्त्रियांना वगळण्याचे जे कारण वर्षानुवर्षे दिले गेले ते विचार करण्याजोगे आहे: मासिक पाळीमुळे संप्रेरकांची पातळी बदलत राहते, त्यामुळे प्रयोग गुंतागुंतीचा आणि खर्चिक होतो. म्हणजे ज्या गोष्टीचा अभ्यास व्हायला हवा होता, तीच गोष्ट अभ्यास न करण्याची सबब ठरली.

आता उपग्रहाच्या साहाय्याने होणारे मोजमाप पाहू. खेळाडूच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये, घट्ट बनियनच्या कप्प्यात एक लहानसे जीपीएस यंत्र बसवतात. ते सेकंदाला साधारण दहा वेळा तिची जागा नोंदवते. सामना संपला की ती किती अंतर धावली, किती वेळा वेग घेतला, किती वेळा एकाएकी थांबली, हे सारे समोर येते. डब्लिनच्या टाला उपनगरातील गेलिक क्रीडा संशोधन केंद्र आणि अन्य संस्थांनी या पद्धतीने पुरुष खेळाडूंचा पुष्कळ अभ्यास केला. आघाडीचा पुरुष फुटबॉलपटू एका सामन्यात सुमारे नऊ किलोमीटर धावतो, हे त्यातून दिसले. महिलांची यंत्रे आली ती नंतर, आणि येताना पुरुषांची फूटपट्टीही सोबत घेऊन आली.

ते कसे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गेलिक खेळांच्या अभ्यासात ताशी १७ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेग म्हणजे 'वेगवान धाव', अशी एक रेषा रूढ होती. समजा, एका पुरुष खेळाडूचा कमाल वेग ताशी ३१ किलोमीटर आहे आणि एका महिला खेळाडूचा २६. मग १७ ची रेषा ओलांडताना तो आपल्या कमाल वेगाच्या ५५ टक्क्यांवर असतो, ती मात्र ६५ टक्क्यांवर. ताशी १६ किलोमीटरने धावताना तिचा श्वास फुललेला असेल, पण यंत्राच्या लेखी ती आरामात धावत असेल. आकडे पाहून कोणी म्हणेल, महिलांच्या सामन्यात वेगवान धावा कमी आहेत, सबब त्यांचा सराव हलका असला तरी चालेल. हा निष्कर्ष आकड्यांतून निघालेला नाही; रेषा जिथे ओढली तिथूनच तो निघालेला आहे. महिलांच्या सॉकरमध्ये हा प्रश्न उपस्थित होऊन त्यांच्यासाठी स्वतंत्र वेगरेषा सुचविल्या गेल्याला दहा वर्षे झाली. गेलिक खेळांतही आता प्रत्येक खेळाडूच्या स्वतःच्या क्षमतेच्या प्रमाणात श्रम मोजण्याचा आग्रह वाढत आहे. माझ्या मते या साऱ्या संशोधनातील हा सर्वांत साधा आणि सर्वांत दूरगामी धडा आहे.

फूटपट्टी चुकली तर काय बिघडते? गुडघा बिघडतो. गुडघ्याच्या सांध्यात, मांडीचे हाड आणि नडगी यांना धरून ठेवणारे एक लिगामेंट असते. वैद्यकीय परिभाषेत त्याला एसीएल म्हणतात, आणि आयर्लंडच्या महिला खेळाडूंमध्ये ही तीन अक्षरे धास्तीने उच्चारली जातात. हे लिगामेंट तुटण्याचा धोका समान खेळातील पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये बराच अधिक आहे. पुष्कळदा हा आघात कोणाचा धक्का लागून होत नाही. उंच उडी मारून चेंडू झेललेला असतो, एका पायावर उतरताना गुडघा आत वळतो, आणि क्षणात सारे संपते. गेलिक फुटबॉलमध्ये उंच झेल आणि तीव्र वळणे पदोपदी येतात. डब्लिन सिटी विद्यापीठातील संशोधकांनी महाविद्यालयीन महिला फुटबॉलपटूंच्या दुखापतींचा दोन हंगाम मागोवा घेतला, तेव्हा बहुतांश दुखापती कमरेखालच्या, म्हणजे पायांच्या असल्याचे आढळले.

लिगामेंट तुटल्यावर शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर किमान नऊ महिन्यांची साधना. नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांच्या एका संयुक्त अभ्यासाने दाखविले की शस्त्रक्रियेनंतर नवव्या महिन्यापर्यंत मैदानावरचे पुनरागमन जितके महिने लांबवावे, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने घटतो. व्यावसायिक खेळाडूला हे नऊ महिने पगार मिळत राहतो. संघाचा फिजिओथेरपिस्ट रोज तिची चौकशी करतो. हौशी खेळाडूची गोष्ट वेगळी. ती परिचारिका असेल तर कुबड्या घेऊन वॉर्डात उभी राहू शकत नाही. शेतकरी असेल तर गायी दोहण्यासाठी कोणाला तरी बोलवावे लागते. दुखापत एकटीला होते, पण तिची झळ सबंध घराला लागते.

या धोक्याची कारणे शोधताना विज्ञानाने प्रथम स्त्रीच्या देहाकडेच बोट दाखविले. कंबरेची रुंदी, गुडघ्यातील हाडांची खाच, संप्रेरकांमुळे येणारा सांध्यांचा सैलपणा, मांडीच्या पुढच्या व मागच्या स्नायूंमधील असमतोल अशी यादी मोठी आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. परंतु २०२१ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन' या प्रतिष्ठित नियतकालिकात तीन महिला संशोधकांनी वेगळाच प्रश्न विचारला. मुलींना लहानपणापासून ताकदीचे व्यायाम करू दिले जातात का? त्यांना व्यायामशाळा, चांगले मैदान, जाणता प्रशिक्षक मिळतो का? दुखापतीनंतर त्यांच्या वाट्याला कोणती शुश्रूषा येते? जन्मजात कारण म्हणून जे नोंदवले जाते, त्यातील काही भाग परिस्थितीने घडविलेला नाही कशावरून?

गेलिक खेळांना हा प्रश्न अचूक लागू पडतो. आयर्लंडच्या गावागावांतील बहुतेक मैदाने जीएएच्या, म्हणजे पुरुषांच्या संघटनेच्या स्थानिक क्लबांची. महिला फुटबॉल आणि कमोगी यांच्या संघटना स्वतंत्र. त्यामुळे काउंटीच्या महिला संघाला चांगले मैदान मिळणे हे मैदानाच्या मालकांच्या सोयीवर अवलंबून राहत आले. महिला खेळाडूंच्या संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ९३ टक्के काउंटी खेळाडूंना प्रवासखर्च मिळत नसल्याचे नमूद होते. दिवसभर काम करून, तासभर स्वतःच्या खर्चाने गाडी चालवून, आखडलेल्या स्नायूंनिशी थेट सरावाला उभे राहणारी खेळाडू आणि फिजिओथेरपिस्टकडून अर्धा तास तयारी करून घेऊन मैदानात उतरणारा खेळाडू, या दोघांच्या गुडघ्यांची तुलना केवळ हाडांच्या मापाने कशी करायची?

सुदैवाने या बाबतीत उपाय ठाऊक आहे, आणि तो महागही नाही. उड्या मारून नीट उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळ देणे, वळताना गुडघा आत झुकू न देणे अशा व्यायामांचा नियमित क्रम मुलींमध्ये स्पर्शाविना होणाऱ्या एसीएल दुखापती सुमारे दोन-तृतीयांशांनी कमी करतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात आढळले आहे. जीएएने 'जीएए १५' या नावाचा पंधरा मिनिटांचा असाच क्रम तयार केला आहे. त्याला यंत्रे लागत नाहीत, पैसे लागत नाहीत. लागते ते सातत्य, आणि तिथेच घोडे अडते. मैदान तासभरच मिळाले असेल, पाऊस पडत असेल आणि रविवारी सामना असेल, तर प्रशिक्षक प्रथम कात्री लावतो ती या पंधरा मिनिटांना.

श्रमांचा आणखी एक पैलू आहे तो अनेक संघांच्या मागणीचा. एखादी गुणी मुलगी एकाच वर्षी आपल्या गावच्या क्लबकडून, विद्यापीठाकडून आणि काउंटीकडून खेळते. काही जणी फुटबॉल आणि कमोगी दोन्ही खेळतात. कॉर्क काउंटीच्या रीना बकली आणि ब्रीज कॉर्करी या दोघींनी दोन्ही खेळांत मिळून प्रत्येकी अठरा अखिल आयर्लंड पदके मिळविली. बकली व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, कॉर्करी शेतकरी. असा पराक्रम पुन्हा घडेल का, याविषयी मला शंका वाटते. कारण आता सरावाची तीव्रता फार वाढली आहे. आयर्लंडच्या आर्थिक व सामाजिक संशोधन संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, काउंटी पातळीवरील पुरुष खेळाडू आठवड्याला ३१ तासांपर्यंत वेळ या हौशी खेळाला देत होते. महिलांची दिनचर्याही त्याच वळणाची आहे. दोन खेळ खेळणाऱ्या मुलीचे दोन प्रशिक्षक असतात, आणि आपल्या सरावानंतर तिने दुसरीकडे काय केले, हे पहिल्याला ठाऊक असतेच असे नाही. दोन्ही संघटना वेगळ्या असल्याने दोन्ही खेळांचे सामने एकाच दिवशी येण्याचा प्रसंगही वारंवार ओढवतो.

एवढ्या श्रमांना इंधन हवे, आणि इथे आहाराचा विषय येतो. शरीराला रोज मिळणाऱ्या ऊर्जेतून व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा करावी. उरते ती हृदय, हाडे, संप्रेरके, रोगप्रतिकार या मूलभूत कामांसाठी. शरीराच्या चरबीविरहित वजनामागे प्रत्येक किलोला साधारण ४५ कॅलरी उरल्या तर देह सुस्थितीत राहतो. ३० च्या खाली गेल्यास बिघाडाची शक्यता वाढते. चरबी वगळता ५० किलो वजन असलेल्या खेळाडूने सरावात ६०० कॅलरी खर्च केल्या, तर तिला दिवसाला सुमारे २,८५० कॅलरी हव्यात. ती २,१०० वरच थांबली तर धोक्याच्या रेषेवर आली. आणि २,१०० कॅलरी म्हणजे उपासमार नव्हे. कोणाही सुजाण गृहिणीला ते भरपेट जेवण वाटेल. म्हणूनच ही तूट घरच्यांच्या लक्षात येत नाही. सकाळी घाईत नाश्ता टळतो, दुपारी पाळीवर दोन घास, संध्याकाळी गाडीत एखादे केळे, आणि सरावानंतर रात्री दहा वाजता भूकच मेलेली. कृश दिसण्याचा सामाजिक आग्रह त्यात भर घालतो.

अशा तुटीचा पहिला इशारा म्हणजे अनेकदा मासिक पाळी अनियमित होणे किंवा थांबणे. पूर्वी कठोर सराव करणाऱ्या मुलींमध्ये पाळी थांबणे हे जणू निष्ठेचे लक्षण समजले जाई. आज वैद्यकशास्त्र त्याला धोक्याची घंटा मानते. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटते, हाडे विरळ होऊ लागतात, बारीक तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या संपूर्ण लक्षणसमूहाला स्वतंत्र नाव दिले आणि २०२३ मध्ये त्यावरील मार्गदर्शन पुन्हा अद्ययावत केले. हा धोका पुरुष खेळाडूंनाही असतो, हेही त्यात मान्य केले आहे.

मासिक पाळी आणि खेळातील कामगिरी या विषयाला अलीकडे मोठे वलय आले आहे. गॉलवेस्थित ओरेको या कंपनीने पाळीनुसार आहार आणि सराव सुचविणारे मोबाईल ॲप तयार केले, आणि अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाने २०१९ चा विश्वचषक जिंकला तेव्हा या कामाचे जगभर कौतुक झाले. त्या कौतुकाला एक मर्यादा घालून घेणे मला आवश्यक वाटते. २०२० मध्ये ७८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरी किंचित खालावू शकते, पण हा फरक अत्यंत अल्प आहे, बहुतेक अभ्यासांचा दर्जा कनिष्ठ आहे, आणि सर्व स्त्रियांना एकच नियम लावता येणार नाही, असे त्याचे सार होते. एका मुलीला त्या दिवसांत काहीच जाणवत नाही. दुसरीला उभे राहणे कठीण होते. म्हणून पंधरा जणींना कॅलेंडर पाहून सराव वाटून देण्यापेक्षा प्रत्येकीने स्वतःची नोंद ठेवावी आणि ती प्रशिक्षकाशी निःसंकोच बोलू शकावी, हे अधिक मोलाचे. पुष्कळ संघांचे प्रशिक्षक पुरुष असतात. त्यामुळे हे बोलणे सोपे नसते. शिवाय आपल्या शरीराची इतकी खासगी नोंद कोणाच्या हाती जावी, हा प्रश्नही उरतोच. संघनिवडीच्या टेबलावर ती जाऊ नये, एवढे तरी निश्चित.

संशोधकांच्या अडचणीही समजून घ्यायला हव्यात. काउंटीच्या संघात तीसेक खेळाडू. त्यांतील काही जणी गर्भनिरोधक गोळ्या घेतात, त्यामुळे त्यांचे संप्रेरकचक्र निराळे. काही जखमी. काही जणी परीक्षेमुळे रक्ततपासणीला येऊ शकत नाहीत. उरलेल्या दहा-बारा जणींवरून कोणता सिद्धांत मांडायचा? त्यासाठी अनेक काउंटींनी एकत्र येऊन, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षे नोंदी ठेवाव्या लागतील. आणि जिथे सरावाला फिजिओथेरपिस्टच नसतो, तिथे नोंद ठेवणार कोण?

विज्ञानाची वाट न पाहता खेळाडूंनी स्वतःच जिंकलेला एक लढाही येथे सांगितला पाहिजे. कमोगीच्या नियमांनुसार खेळाडूंना स्कॉर्ट, म्हणजे वरून स्कर्ट आणि आतून चड्डी असलेले वस्त्र, घालणे बंधनकारक होते. सराव सगळ्या जणी शॉर्ट्समध्ये करीत. सामन्यात मात्र स्कॉर्ट. खेळाडूंच्या संघटनेने सुमारे ६५० काउंटी खेळाडूंची मते घेतली, तेव्हा ७० टक्के जणींनी स्कॉर्टमुळे अवघडल्यासारखे होते असे सांगितले आणि ८३ टक्के जणींनी निवडीचे स्वातंत्र्य मागितले. २०२४ मध्ये नियम बदलण्याचे ठराव संघटनेच्या अधिवेशनात फेटाळले गेले. मे २०२५ मध्ये डब्लिन आणि किल्केनीचे संघ एका महत्त्वाच्या सामन्यासाठी शॉर्ट्स घालून मैदानात आले. कपडे बदला, अन्यथा सामना होणार नाही, असे पंचांनी बजावले. त्या बदलून आल्या, खेळल्या. पण ते छायाचित्र देशभर गेले. मन्स्टर प्रांताचा अंतिम सामना पुढे ढकलावा लागला. २२ मे रोजी विशेष अधिवेशन भरले आणि ९८ टक्के मतांनी शॉर्ट्सना परवानगी मिळाली. खाली वाकून चेंडू उचलताना, पडताना, पाळीच्या दिवसांत धावताना ज्या मुलीचे अर्धे लक्ष आपल्या वस्त्राकडे असते, तिच्या कामगिरीचे कोणतेही मोजमाप अपुरेच राहणार. एवढे समजायला प्रयोगशाळा लागत नव्हती.

आर्थिक बाजूने परिस्थिती हळूहळू पालटते आहे. २०२० च्या अखेरीस पुरुष आणि महिला खेळाडूंच्या संघटना एक झाल्या. २०२१ मध्ये आयर्लंड सरकारने काउंटी खेळाडूंना मिळणारे अनुदान स्त्री-पुरुषांना समान केले. २०२३ च्या उन्हाळ्यात महिला खेळाडूंनी निषेध नोंदवीत स्पर्धा खेळल्या. प्रवासखर्च, वैद्यकीय साहाय्य आणि सरावाच्या किमान सुविधा लेखी मान्य व्हाव्यात, ही त्यांची मागणी होती. देशाच्या माजी राष्ट्राध्यक्षा मेरी मॅकअलीस यांच्या अध्यक्षतेखाली तिन्ही संघटनांच्या एकीकरणाचा आराखडा तयार झाला असून त्यासाठी २०२७ चे लक्ष्य ठेवले आहे.

दरम्यान, ऑस्ट्रेलियाने या खेळाडूंची गुणवत्ता हेरली आहे. तेथील महिलांच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये उंच झेल, लांब किक आणि न थकता धावणे या गेलिक कौशल्यांना मोठी किंमत आहे. मेयो काउंटीची कोरा स्टॉन्टन २०१८ च्या हंगामात या वाटेने गेली; तेव्हा ती छत्तिशीत होती. तिच्या मागोमाग आयरिश मुलींची रांग लागली आणि आता दरवर्षी काही काउंटींना आपल्या उत्तम खेळाडूंवाचून संघ उभारावा लागतो. तेथे त्यांना मानधन मिळते, सोबत डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि दिवसाउजेडी सराव मिळतो. पैकी कित्येक जणी हंगाम संपला की मायदेशी परततात, पुन्हा आपल्या काउंटीचा पोशाख चढवतात आणि कामावरून सुटून रात्रीच्या सरावाला हजर होतात. तीच खेळाडू, तोच गुडघा, आणि वर्षातून दोन निरनिराळ्या व्यवस्था. परिस्थिती आणि दुखापत यांचा संबंध तपासू पाहणाऱ्या संशोधकाला याहून चांगला प्रयोग आखूनही सापडणार नाही.